सूर्यकिरण विमानांची टक्कर : एका चौकशीमागचा इतिहास

१९ फेब्रुवारी २०१९, मंगळवार. बंगळुरूच्या उत्तरेला असलेल्या येलहंका हवाई तळावर ‘एरो इंडिया’ या विमान प्रदर्शनाची अखेरची तयारी चालली होती. दुसऱ्या दिवशी उद्घाटन होते आणि आकाशात हवाई दलाचा ‘सूर्यकिरण’ चमू कसरतींची रंगीत तालीम करत होता. दुपारचे बारा वाजायला दहाएक मिनिटे असताना चमूतली दोन हॉक विमाने एकमेकांवर आदळली. दोन्ही विमानांचा ताबा सुटला आणि ती तळाबाहेर, इस्रो लेआउट वसाहतीच्या परिसरात कोसळली.

एका विमानात विंग कमांडर साहिल गांधी होते. दुसऱ्यात विंग कमांडर विजय शेळके आणि स्क्वॉड्रन लीडर तेजेश्वर सिंग होते. शेळके आणि सिंग इजेक्शन सीटमुळे बाहेर फेकले गेले आणि पॅराशूटने खाली उतरले. ते जखमी झाले, पण वाचले. हरियानातल्या हिसारचे साहिल गांधी मात्र गेले. जमिनीवरचा एक नागरिकही जखमी झाला.

हवाई दलाने लगेच कोर्ट ऑफ इन्क्वायरी नेमली. प्रत्येक अपघातानंतर बातमीच्या शेवटी हे वाक्य येते आणि वाचक पुढे जातो. पण ही चौकशी नेमके काय शोधते, कसे शोधते आणि तिच्यातून जे हाती लागते ते कोणापर्यंत पोहोचते, यावर पुढच्या वैमानिकाचा जीव अवलंबून असतो. येलहंक्याच्या टकरीचा अर्थ लावायचा तर आधी हा चमू आणि त्याचे विमान कुठून आले ते पाहावे लागते. तो इतिहास मराठवाड्याच्या अगदी शेजारी घडला आहे.

मराठवाड्याच्या सीमेवरची शाळा

हिंगोलीहून नांदेड गाठून देगलूर किंवा उदगीरच्या बाजूने दक्षिणेला गेले की कर्नाटकाची हद्द ओलांडताच बीदर जिल्हा लागतो. आजचा हिंगोली जिल्हा पूर्वी परभणीचा भाग होता, आणि १९५६ची राज्य पुनर्रचना होईपर्यंत परभणी आणि बीदर एकाच हैदराबाद राज्यात होते. बीदरला स्वातंत्र्यानंतर हवाई दलाने वैमानिक घडवणारा मोठा तळ उभारला. औराद, भालकी, बसवकल्याण या बीदर जिल्ह्यातल्या तालुक्यांत आजही अनेक घरांत मराठी बोलली जाते. त्या गावांवरून प्रशिक्षणाची विमाने कित्येक दशके उडत आली आहेत.

मे १९९६मध्ये याच बीदरला ‘सूर्यकिरण’ चमू स्थापन झाला. त्याआधी १९८२मध्ये, हवाई दलाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, निळ्या-पांढऱ्या हंटर विमानांचा ‘थंडरबोल्ट्स’ चमू तयार झाला होता. ऐंशीचे दशक सरता सरता तो बंद पडला. नव्या चमूचे पहिले प्रमुख विंग कमांडर कुलदीप मलिक होते आणि विमान होते हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बनवलेले किरण मार्क-२. सप्टेंबर १९९६मध्ये कोइमतूरला पहिले जाहीर प्रदर्शन झाले. सुरुवात सहा विमानांनी झाली आणि १९९८पर्यंत चमू नऊ विमानांवर पोहोचला.

नऊ विमाने एका सुरात उडवण्यामागची शिस्त कडक असते. वैमानिक आधीच लढाऊ विमानांवर तयार झालेला असतो, तरी इथे त्याची शिकवणी नव्याने सुरू होते. आधी दोन विमाने, मग तीन, मग चार. आधी भरपूर उंचीवर, मग हळूहळू खाली. सगळे जमले की विमानांच्या पंखांच्या टोकांमधले अंतर ५ मीटरच्या आत येते. नेता सोडला तर बाकीच्यांनी क्षितिजाकडे बघायचे नसते. नेत्याच्या विमानावरच्या ठरलेल्या खुणा आपल्या नजरेत एका रेषेत ठेवायच्या, आणि त्या रेषा हलू द्यायच्या नाहीत. गिरकी, लूप, पलटी सगळे नेत्याच्या आवाजावर. म्हणजे आठ जण आपला जीव एका माणसाच्या डोळ्यांवर सोपवतात आणि तो एक जण आठ जणांच्या हातांवर विसंबतो. काही कसरतींत एक-दोन विमाने मुख्य ताफ्यातून सुटून समोरासमोर येतात आणि एकमेकांना ओलांडून जातात. तिथे नेत्याच्या खुणांचा आधारही नसतो.

या कामाची किंमत चमूने येलहंक्याच्या आधीही मोजली होती. मार्च २००६मध्ये बीदरजवळ किरण विमान कोसळून विंग कमांडर धीरज भाटिया आणि स्क्वॉड्रन लीडर शैलेंदर सिंग मृत्युमुखी पडले. जानेवारी २००९मध्ये बीदरजवळच विंग कमांडर आर. एस. धालिवाल गेले. मार्च २०१०मध्ये हैदराबादच्या बेगमपेठ विमानतळावर नौदलाच्या ‘सागर पवन’ चमूचे किरण विमान प्रदर्शन चालू असताना वस्तीवर कोसळले. कमांडर सुरेश मौर्य आणि लेफ्टनंट कमांडर राहुल नायर ठार झाले. हा चमू गोव्याच्या आयएनएस हंसा तळावरचा होता.

अपघातांच्या चौकशीतून आलेले विमान

२०११च्या एरो इंडियानंतर सूर्यकिरण बंद झाला. कारण साधे होते. नवशिक्यांचे एचपीटी-३२ विमान अपघातांमुळे २००९मध्ये जमिनीवर बसवावे लागले होते आणि प्रशिक्षणाला विमाने कमी पडत होती. कसरतींसाठी ठेवलेली किरण विमाने विद्यार्थ्यांसाठी हवी होती. ती तिकडे गेली.

चार वर्षांनी चमू पुन्हा उभा राहिला तो हॉक मार्क-१३२ या विमानावर. हे विमान भारतात येण्यामागे अपघातांच्या चौकशीचाच मोठा वाटा आहे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला लढाऊ विमानांचे अपघात इतके वाढले की १९८२मध्ये एअर मार्शल डेनिस ला फाँटेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. समितीने दुखण्याचे मूळ नेमके दाखवले. किरणसारख्या संथ प्रशिक्षण विमानावरून उठलेला विशीतला मुलगा थेट मिग-२१सारख्या ध्वनीहून वेगवान विमानात बसत होता. मिग-२१ फार वेगाने उतरते आणि चुकीला जागा देत नाही. या दोन पायऱ्यांच्या मधली पायरीच नव्हती. समितीने प्रगत जेट प्रशिक्षण विमान घेण्याची शिफारस केली.

शिफारस १९८२ची होती. ब्रिटनशी ६६ हॉक विमानांचा करार झाला तो मार्च २००४मध्ये. मधल्या बावीस वर्षांत सरकारे बदलली, किमतींवर घासाघीस झाली, फायली फिरल्या. १९९७मध्ये डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या अध्यक्षतेखाली लढाऊ विमानांच्या अपघातांवर आणखी एक समिती बसली. या सगळ्या काळात तरुण वैमानिक मिग-२१वरच शिकत राहिले. फेब्रुवारी २००८मध्ये संरक्षण मंत्री ए. के. अँटनी यांच्या उपस्थितीत हॉक हवाई दलात दाखल झाले, तेही बीदरलाच.

चौकशीने कारण अचूक सांगितले होते. उशीर झाला तो तिचे म्हणणे ऐकायला. येलहंक्याच्या टकरीकडे पाहताना हा धडा आठवणीत ठेवला पाहिजे.

२०१५च्या हवाई दल दिनी हॉकवर बसलेला सूर्यकिरण हिंडनच्या आकाशात दिसला. तेव्हा विमाने चार होती. पुढच्या दोन-तीन वर्षांत ती सहा आणि मग पुन्हा नऊ झाली. २०१९च्या फेब्रुवारीत ग्रुप कॅप्टन प्रशांत गर्ग यांच्या नेतृत्वाखाली हा चमू येलहंक्याला आला.

तो फेब्रुवारी

हवाई दलासाठी तो महिना विलक्षण ताणाचा होता. १ फेब्रुवारीला बंगळुरूच्याच एचएएल विमानतळावर अद्ययावत केलेले मिराज-२००० विमान चाचणीच्या वेळी कोसळले. त्यात स्क्वॉड्रन लीडर समीर अबरोल आणि स्क्वॉड्रन लीडर सिद्धार्थ नेगी गेले. १४ फेब्रुवारीला पुलवामात केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या ताफ्यावर हल्ला होऊन ४० जवान शहीद झाले. १९ला येलहंक्याची टक्कर झाली. २६ला पाकिस्तानातल्या बालाकोटवर भारताचा हल्ला, आणि २७ला सीमेवर हवाई चकमक झाली. त्याच सकाळी श्रीनगरजवळ बडगामला एमआय-१७ हेलिकॉप्टर कोसळून हवाई दलाचे सहा जण आणि एक नागरिक मृत्युमुखी पडले.

बातम्यांच्या या लोंढ्यात सूर्यकिरणची टक्कर पुसली गेली. आठवडाभरात देशाचे लक्ष सीमेकडे वळले. चमूने मात्र प्रदर्शन संपण्याच्या आत पुन्हा उड्डाण करून आपल्या सहकाऱ्याला आकाशातून मानवंदना दिली. त्या वैमानिकांनी काही दिवसांपूर्वीच आपल्या डोळ्यांदेखत दोन विमाने पडताना पाहिली होती. तरीही ते त्याच विमानांत, त्याच आकाशात गेले, आणि त्यामागचे धैर्य शब्दांत मावणारे नाही.

चौकशी काय शोधते

कोर्ट ऑफ इन्क्वायरी म्हणजे हवाई दलाच्या कायद्याखाली नेमलेले अधिकाऱ्यांचे मंडळ. ते साक्षी नोंदवते, पुरावे तपासते, कारण ठरवते आणि शिफारशी करते. शिक्षा देणे त्याचे काम नाही. कोणाची शिस्तभंगाची चूक दिसलीच तर तिची कारवाई वेगळ्या मार्गाने चालते. ही विभागणी मुद्दाम केलेली असते, कारण शिक्षेच्या भीतीने माणूस गप्प बसला की खरे कारण त्याच्याबरोबर गाडले जाते.

हवेतल्या टकरीचा तपास इतर अपघातांहून अवघड असतो. एकच विमान पडले तर इंजिन, इंधन, नियंत्रण, हवामान, वैमानिक असा क्रम लावता येतो. इथे दोन विमानांचे अवशेष एकमेकांत मिसळून पसरलेले असतात आणि पहिला प्रश्न असतो, कोणते विमान कुठे होते आणि कुठे असायला हवे होते. म्हणून तुकडे गोळा करताना प्रत्येकाची जागा नकाशावर नोंदवली जाते. एका विमानाचा रंग दुसऱ्याच्या पत्र्यावर कुठे घासला आहे, ओरखडे कोणत्या दिशेने गेले आहेत, पंख तुटला तो आघाताने की नंतर जमिनीवर आपटून, हे तपासून पहिला स्पर्श कुठे झाला ते ठरवतात. मग त्या क्षणाची दोन्ही विमानांची स्थिती उलट्या दिशेने मांडत जातात.

कसरतीच्या चमूबाबत तपासणाऱ्यांना काही गोष्टी अनुकूलही असतात. असे चमू आपला सराव जमिनीवरून चित्रित करतात आणि उतरल्यावर ती फीत सगळ्यांनी मिळून पाहतात. कोण पुढे सरकला, कोण मागे पडला, याची उघड चर्चा होते. येलहंक्याला प्रदर्शनासाठी जमलेल्या अनेकांच्या कॅमेऱ्यांतही ती दृश्ये होती. विमानातली नोंदयंत्रे वेग, उंची आणि वळणाचा जोर सांगतात. रेडिओवरच्या आज्ञा उपलब्ध असतात. आणि येलहंक्याच्या घटनेत सर्वांत मोलाचा पुरावा जिवंत होता. टकरीतले दोन वैमानिक वाचले होते आणि चमूतले बाकीचे सहकारी त्या वेळी त्याच आकाशात होते.

तांत्रिक पुराव्यानंतर येतो माणूस. वैमानिकाची झोप पुरेशी झाली होती का, त्या आठवड्यात किती उड्डाणे झाली, चमूतली जागा अलीकडे बदलली होती का, कसरतीत शेवटच्या क्षणी काही फेरफार झाला होता का, सूर्य कोणाच्या डोळ्यांवर होता, वारा कुठून होता. इजेक्शन सीट कोणत्या क्षणी, किती उंचीवर आणि विमान कोणत्या अवस्थेत असताना सुटली, याचा वेगळा तपास होतो. हॉकमध्ये मार्टिन-बेकर कंपनीची आसने आहेत आणि ती जमिनीवर उभ्या असलेल्या विमानातूनही वैमानिकाला वाचवू शकतात. पण विमान उलटे असेल, वेगाने खाली जात असेल किंवा आघाताने वैमानिकच जायबंदी झाला असेल, तर सर्वोत्तम आसनही हतबल ठरते.

या सगळ्यात वेळेचे गणित फार निष्ठुर असते. दोन विमाने प्रत्येकी ताशी ६०० किलोमीटर वेगाने समोरासमोर येत असतील तर दर सेकंदाला त्यांच्यातले अंतर सुमारे ३३३ मीटरने घटते, आणि एक किलोमीटर तीन सेकंदांत संपतो. शेजारी-शेजारी उडणाऱ्या विमानांचा वेग जवळपास सारखा असतो, पण अंतरच ५ मीटर असेल आणि एक विमान सेकंदाला ५ मीटर आडवे सरकले, तर हातात एकच सेकंद उरतो. त्यात डोळ्यांचा एक धोका मिसळतो. जे विमान आपल्यावर येऊन आदळणार असते ते काचेतून पाहताना जागचे हलत नाही. एकाच ठिकाणी लहान ठिपक्यासारखे दिसत राहते आणि अगदी शेवटच्या क्षणी झपाट्याने मोठे होते. मेंदू हालचालीकडे लगेच वळतो, स्थिर ठिपक्याकडे उशिरा वळतो. म्हणून ‘वैमानिकाने पाहिले कसे नाही’ हा प्रश्न जमिनीवर उभे राहून विचारणे सोपे आहे आणि अन्यायकारकही.

जग अशा अपघातांतून काय शिकले

ब्रिटनचा ‘रेड ॲरोज’ चमू १९७९-८०पासून हॉकच उडवतो. त्याआधी, जानेवारी १९७१मध्ये केंबल तळावर सरावात त्यांची दोन नॅट विमाने समोरासमोरून ओलांडताना आदळली आणि चार वैमानिक गेले. मार्च २०१०मध्ये क्रीट बेटावर वसंतातल्या सरावात त्यांची दोन हॉक विमाने तशाच कसरतीत आदळली. एक वैमानिक इजेक्ट होऊन जखमी झाला. दुसऱ्याने नुकसान झालेले विमान सुखरूप उतरवले.

जानेवारी १९८२मध्ये अमेरिकेच्या ‘थंडरबर्ड्स’ चमूची चार विमाने नेवाडाच्या वाळवंटात एका ओळीत लूप घेताना जवळपास एकाच वेळी जमिनीवर आदळली. चारही वैमानिक ठार झाले. चौकशीत दोष नेत्याच्या विमानाच्या नियंत्रण यंत्रणेत निघाला. लूपमधून विमान वर काढायला हवे होते तेवढे निघालेच नाही. बाकीच्या तिघांनी शिकवल्याप्रमाणे नजर नेत्यावर ठेवली होती. शिस्त पाळल्यामुळेच ते त्याच्याबरोबर गेले. चौकशी नीट झाली नसती तर लोकांनी चौघांनाही बेफिकीर ठरवले असते.

२८ ऑगस्ट १९८८ला पश्चिम जर्मनीतल्या रामश्टाइन तळावर इटलीच्या ‘फ्रेच्चे त्रिकोलोरी’ चमूची तीन विमाने हजारो प्रेक्षकांसमोर आदळली. एक जळते विमान गर्दीत शिरले. तीन वैमानिकांसह ७० माणसे मृत्युमुखी पडली. एकटे उडणारे विमान ओलांडण्याच्या ठिकाणी वेळेआधी आणि खाली पोहोचले होते. पण तपास तिथे थांबला नाही. कसरतीची दिशा प्रेक्षकांकडे का होती, जखमींना हलवण्यात गोंधळ का झाला, अमेरिकी आणि जर्मन पथकांच्या सलाईनच्या नळ्यासुद्धा एकमेकींना जुळत का नव्हत्या, इथपर्यंत तो गेला. त्यानंतर अनेक देशांनी विमाने प्रेक्षकांच्या दिशेने उडवण्यावर निर्बंध घातले आणि गर्दी व कसरतीची जागा यांमधली अंतरे वाढवली. पुढच्या पिढीतल्या किती प्रेक्षकांचे प्राण त्यामुळे वाचले असतील, ते मोजता येत नाही.

आपल्याकडचे उदाहरण गोव्याचे. १ ऑक्टोबर २००२ला दाबोळीवर नौदलाच्या ३१५ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनचा रौप्यमहोत्सव होता. त्यानिमित्त एकत्र उडणारी दोन इल्युशिन-३८ विमाने आकाशात आदळली. दोन्ही विमानांतले सर्व १२ जण गेले आणि कोसळलेल्या अवशेषांनी जमिनीवरही बळी घेतले. ही विमाने समुद्रावर लांब पल्ल्याची टेहळणी करणारी, अवजड. त्यांचे रोजचे काम एकट्याने करायचे. समारंभासाठी जवळ उडण्याचा धोका वेगळा असतो, हे त्या दिवसाने दाखवून दिले.

मेलेला वैमानिक साक्ष देऊ शकत नाही

अपघाताच्या चौकशीत सर्वांत कमकुवत बाजू त्याची असते जो परत आलेला नाही. महाराष्ट्राला हे एका आईने शिकवले. १७ सप्टेंबर २००१ला राजस्थानातल्या सुरतगढहून रात्री उडालेले मिग-२१ कोसळून फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ गेले. चौकशीने बोट वैमानिकाकडे दाखवले. त्यांच्या आई कविता गाडगीळ यांनी ते मान्य केले नाही. मिग-२१ची अवस्था, प्रशिक्षणातली तुटलेली पायरी आणि अपघातांची संख्या त्यांनी देशासमोर मांडली. ‘अभिजित एअर सेफ्टी फाउंडेशन’ उभी केली. हॉकचा करार व्हावा म्हणून जे जनमत तयार झाले त्यात अशा कुटुंबांचा आवाज होता. मिग-२१ हवाई दलातून निवृत्त व्हायला सप्टेंबर २०२५ उजाडले.

या लढ्याने एक गोष्ट पक्की केली. ‘मानवी चूक’ हे शब्द तपासाचा शेवट होऊ शकत नाहीत. माणसाकडून चूक झाली असेल तर ती का झाली, तिला कशाने वाट दिली आणि ती वेळीच अडवणारी दुसरी भिंत का नव्हती, इथून खरा तपास सुरू होतो. विमान, प्रशिक्षण, वेळापत्रक, कसरतीची आखणी, जमिनीवरची देखरेख या सगळ्या भिंतींना एकाच वेळी भोके पडतात तेव्हाच टक्कर होते. त्यातली एक जरी शाबूत असती तर माणूस घरी आला असता.

अहवाल कोणाचा?

टकरीनंतर सूर्यकिरण थांबला नाही. पुढच्या काही वर्षांत चमू पुन्हा नऊ विमानांवर आला. नोव्हेंबर २०२१मध्ये त्याने दुबईत कसरती केल्या. १९ नोव्हेंबर २०२३ला अहमदाबादच्या विश्वचषक अंतिम सामन्याआधी त्याने मैदानावरच्या आकाशात रेषा ओढल्या. धुराच्या त्या रेषा पाहून टाळ्या वाजवणाऱ्यांत साहिल गांधी हे नाव किती जणांना आठवले असेल?

संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने डिसेंबर २०२४मध्ये मांडलेल्या अहवालात २०१७ ते २०२२ या काळातले हवाई दलाचे ३४ अपघात मोजले आहेत. येलहंक्याची टक्कर ज्या २०१८-१९ या वर्षात येते त्या एका वर्षात ११ अपघात झाले. अहवालात कारणांचे रकाने आहेत : मानवी चूक, तांत्रिक दोष, पक्ष्याची धडक असे. एका माणसाच्या मृत्यूमागची, अनेक महिने चाललेल्या तपासाची कहाणी नागरिकांपर्यंत पोहोचते ती अशा दोन-तीन शब्दांत. मूळ अहवाल गोपनीय राहतो.

लष्करी गुप्ततेची गरज खरी आहे. विमानाची क्षमता, रडार, शस्त्रे, युद्धाच्या योजना उघड करायच्या नसतात. पण कसरतीच्या विमानात यातले काय असते? ते रंगवलेले, धूर सोडणारे, लाखो लोकांसमोर उडणारे विमान असते. ब्रिटनमध्ये मार्च २०१८मध्ये रेड ॲरोजचे हॉक पडून त्यातला तंत्रज्ञ गेला. दीड-दोन वर्षांत लष्करी चौकशीचा सविस्तर अहवाल शिफारशींसह सर्वांसाठी खुला झाला. त्याने ब्रिटनची सुरक्षा धोक्यात आली नाही. उलट जगभर हॉक उडवणाऱ्यांना त्यातून शिकता आले, आणि त्यात आपणही आहोत.

आपल्याकडेही असे पायंडे आहेत. बडगामचे हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पडले, ही कटू गोष्ट हवाई दल प्रमुख एअर चीफ मार्शल राकेशकुमार सिंग भदौरिया यांनी ऑक्टोबर २०१९मध्ये जाहीरपणे मान्य केली आणि ती मोठी चूक असल्याचे सांगितले. जनरल बिपिन रावत यांच्या हेलिकॉप्टर अपघाताच्या चौकशीचे प्राथमिक निष्कर्ष जानेवारी २०२२मध्ये हवाई दलाने स्वतः प्रसिद्ध केले. हवामान अचानक बदलले, हेलिकॉप्टर ढगात शिरले आणि वैमानिकाचे दिशाभान हरपले, असे त्यात म्हटले होते. या दोन्ही वेळी हवाई दलाची प्रतिष्ठा कमी झाली नाही, वाढली. जे या दोन अपघातांत जमले ते कसरतीच्या अपघातांतही जमायला हवे.

२१ नोव्हेंबर २०२५ला दुबईच्या हवाई प्रदर्शनात तेजस विमान कसरती करताना कोसळले आणि विंग कमांडर नमांश स्याल गेले. पुन्हा कोर्ट ऑफ इन्क्वायरी नेमली गेली. बीदरला, गोव्याला, बंगळुरूला आणि आता दुबईला आपण तेच वाक्य वाचत आलो आहोत.

म्हणून मागणी एवढीच आहे. प्रदर्शन किंवा त्याच्या सरावात झालेल्या प्रत्येक अपघाताच्या चौकशीचा सुरक्षाविषयक सारांश ठरावीक मुदतीत संसदेसमोर यावा. त्यात कोणाचे नाव नको, कोणावर ठपका नको. काय घडले, कोणती साखळी जुळून आली, कोणत्या शिफारशी केल्या आणि त्यांतल्या किती अमलात आल्या, एवढे पुरे. १९८२ची शिफारस करारापर्यंत पोहोचायला बावीस वर्षे लागली, कारण तिचा पाठपुरावा करायला देशासमोर काही नव्हते. साहिल गांधींच्या कुटुंबाला, वाचलेल्या दोघांना आणि उद्या हिंगोली, परभणी, नांदेडच्या शाळेतून बीदरच्या धावपट्टीवर पोहोचणाऱ्या मुला-मुलींना हा देश तेवढे देणे लागतो.